पेशी कान टवकारतात तेव्हा...

बालमित्रांनो, गणपतीच्या दिवसांत चौकातला लाऊडस्पीकर सुरू झाला की तुम्ही काय करता? पटकन कानांवर हात ठेवता. आणि रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर? दिवसभर कधीच ऐकू न आलेली घड्याळाची टिकटिक, मोरीतल्या नळाची टपटप, लांबच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.ची घरघर, सगळं कसं स्वच्छ ऐकू यायला लागतं. गोंगाट झाला की कान झाकायचे आणि शांतता झाली की कान टवकारायचे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता मी सांगितलं, की तुमच्या मेंदूतली एकेक पेशीसुद्धा अगदी असंच करते, तर? तुम्ही म्हणाल, "बाई, काहीतरीच काय! पेशीला कुठे कान असतात?"

असतात! फक्त ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय ते एका जागी चिकटवलेलेही नसतात. पेशी ते वाढवते, कमी करते, आत ओढून घेते, पुन्हा बाहेर काढते. ही गंमत माणसाला कळली ती एका काचेच्या बशीत. तीच गोष्ट आज आपण पाहू या.

निरोप पोचतो कसा?

माणसाच्या मेंदूत साधारण ८६०० कोटी चेतापेशी असतात. एका चेतापेशीला आपल्यासारख्या हजारो पेशींकडून निरोप येत असतात. पण दोन पेशी एकमेकींना थेट चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते. किती बारीक? एका मिलिमीटरचे ५० हजार सारखे भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी! एवढीशी फट ओलांडून निरोप पलीकडे जातो कसा, यावर एके काळी शास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद होता. काही म्हणत, विजेची ठिणगी उडी मारते. काही म्हणत, एखादं रसायन पाझरतं.

ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली हकिकत मोठी मजेशीर आहे. एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोग सुचला. झोपेतच उठून त्यांनी तो कागदावर खरडला. सकाळी पाहतात तर काय, स्वतःचंच अक्षर स्वतःला लागेना! पुढच्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं. या वेळी मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकाची दोन हृदयं क्षारांच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाची गती कमी करणारी नस त्यांनी विजेनं चेतवली. हृदय मंदावलं. मग त्याच्या भोवतालचं पाणी घेऊन दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याची नस तर कुणी चेतवली नव्हती. तरी तेही मंदावलं! म्हणजे पहिल्या हृदयाच्या नसेतून काहीतरी रसायन पाण्यात उतरलं होतं. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलीन. अशा निरोप नेणाऱ्या रसायनांना शास्त्रज्ञ 'न्यूरोट्रान्समीटर' म्हणतात. आपण त्यांना म्हणू या 'निरोपे'.

ऐकणारा कोण?

नुसता निरोप्या येऊन काय उपयोग? दार उघडणारंही कुणी हवं ना! केंब्रिजच्या जॉन लँगली यांना हे आधीच सुचलं होतं. निकोटिन लावलं की स्नायू आखडतो आणि क्युरारी हे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाला लावायचं विष लावलं की निकोटिनचा परिणाम अडतो, हे त्यांनी पाहिलं. १९०५ साली त्यांनी म्हटलं, की रसायनं झेलणारा काहीतरी पदार्थ स्नायूच्या पेशीतच असला पाहिजे. त्या झेलणाऱ्यालाच आज 'रिसेप्टर' म्हणतात. रिसेप्टर म्हणजे प्रथिनाचा एक रेणू. पेशीच्या पापुद्र्यात तो रुतून बसलेला असतो. त्याचा निरोप्या येऊन टेकला, की तो जागा होतो. काही रिसेप्टर तर स्वतःच एक छोटंसं दार असतात. निरोप्या टेकला की दार उघडतं आणि विद्युतभार असलेले कण पेशीत शिरतात. हेच ते पेशीचे कान!

एका जातीच्या कानाला एकाच जातीचा निरोप्या ऐकू येतो. मेंदूत दोन निरोप्यांचा कारभार सर्वांत मोठा. एक ग्लुटामेट. तो सांगतो, "ऊठ, बोल!" दुसरा गाबा. तो सांगतो, "शांत राहा." लक्षात ठेवायला सोपं आहे. गाबा म्हणजे 'गप्प बस'! दोघांचा तोल सांभाळला जातो म्हणून तुम्ही आत्ता शांतपणे हे वाचू शकता. नुसता ग्लुटामेटच ओरडत राहिला तर? वर्गात सगळी मुलं एकदम ओरडायला लागली तर जे होईल तेच. मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकाच वेळी बेसुमार बोलायला लागल्या, की माणसाला फिट येते. आणि सगळ्याच गप्प झाल्या तर? शुद्धच हरपेल.

काचेच्या बशीतली बाग

डोक्याच्या कवटीत बंद असलेल्या कोट्यवधी पेशींमधून एकीचे कान तपासायचे कसे? त्यासाठी पेशी बाहेर काढून वाढवता यायला हवी. ही वाट दाखवली अमेरिकेतल्या रॉस हॅरिसन यांनी. त्या काळी मोठा वाद चालला होता, की मेंदू म्हणजे एकसंध जाळं आहे की सुट्या सुट्या पेशींचा समूह. इटलीचे गॉल्जी आणि स्पेनचे काहाल यांना १९०६ सालचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं, तरी दोघांची मतं एकमेकांच्या अगदी उलट होती! हॅरिसन यांनी १९०७ साली काय केलं, बेडकाच्या गर्भातला चेतापेशींचा इवलासा तुकडा घेतला, तो बेडकाच्याच शरीरातल्या लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेला उलटा लटकवला. मग सूक्ष्मदर्शकातून ते पाहत बसले. पेशीतून एक बारीक तंतू निघाला आणि डोळ्यांदेखत पुढे पुढे वाढत गेला! एकेक पेशी आपला तंतू आपणच काढते, हे पुराव्यानिशी दिसलं. काहाल यांचं म्हणणं बरोबर ठरलं.

आज हे काम खूप सुधारलं आहे. पुष्कळदा उंदराच्या नवजात पिल्लाच्या किंवा गर्भाच्या मेंदूतल्या पेशी घेतात. (उंदराची कीव आली ना? यायलाच हवी. म्हणूनच अशा कामाला नियम आहेत आणि आपल्या देशातही त्यासाठी समितीची परवानगी लागते.) त्या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत, गुलाबी रंगाच्या पोषक पाण्यात ठेवतात. त्यात साखर, क्षार, अमिनो आम्लं असं सगळं जेवण असतं. पाणी आंबट झालं की त्याचा गुलाबी रंग पिवळट होतो. म्हणजे 'आता जेवण बदला' अशी खूणच! बशी ३७ अंश सेल्सिअस उबेत ठेवतात, आपल्या अंगात असते तेवढ्याच. काही तासांत पेशींना कोंब फुटतात. आठवडा-दोन आठवड्यांत त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि आपापसात बोलायला लागतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही!

लहानपणचे कान, मोठेपणचे कान

बशीत वाढणाऱ्या पेशींकडे पाहताना एक गोष्ट लक्षात आली. पेशीचे कान वयाप्रमाणे बदलतात. ग्लुटामेट ऐकणारा एक रिसेप्टर आहे, एनएमडीए नावाचा. तो चार तुकडे जोडून बनतो. पेशी कोवळी असताना त्यात एका प्रकारचे तुकडे जास्त असतात आणि निरोप आला की दार जास्त वेळ उघडं राहतं. पेशी मोठी झाली की दुसऱ्या प्रकारचे तुकडे वाढतात आणि दार लवकर मिटतं. दार जास्त वेळ उघडं असलं, की थोड्या थोड्या अंतरानं आलेले दोन निरोपही एकत्र जुळवता येतात. नवं शिकताना हे उपयोगी पडतं.

त्याहून नवल गाबाचं. १९८९ साली पॅरिसमध्ये बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या नवजात पिल्लांच्या मेंदूच्या तुकड्यांत दिसलं, की तिथे गाबा पेशीला गप्प करत नाही, उलट उठवतो! असं कसं? कान तोच, निरोप्याही तोच. पण कोवळ्या पेशीत क्लोराईडचे कण जास्त भरलेले असतात. (आपल्या मिठातही क्लोराईड असतंच.) गाबाचं दार उघडलं की ते बाहेर धावतात आणि पेशी जागी होते. पुढे पेशी मोठी झाली, की ती क्लोराईड बाहेर टाकणारा पंप बसवते. मग दार उघडलं की क्लोराईड आत येतं आणि पेशी शांत होते. म्हणजे शब्द तोच, पण लहानपणी त्याचा अर्थ एक आणि मोठेपणी दुसरा.

दोन दिवसांचं मौन

आता येऊ या मुख्य प्रयोगाकडे. अमेरिकेत बॉस्टनजवळ ब्रँडाइस नावाचं विद्यापीठ आहे. तिथे जीना टुरिजियानो या शास्त्रज्ञ बाईंना एक कोडं पडलं होतं. आपण काही शिकतो तेव्हा पेशींमधले जोड पक्के होतात. पक्का जोड असला की पेशी जास्त बोलते. जास्त बोलली की जोड आणखी पक्का होतो. मग हे थांबतं कुठे? असंच चालू राहिलं तर सगळा मेंदू किंचाळतच राहायला हवा! पण तसं होत नाही. का?

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवल्या आणि १९९८ साली दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात बशीत टेट्रोडोटॉक्सिन घातलं. जपानमध्ये ज्या फुगू माशासाठी आचाऱ्याला खास परवाना काढावा लागतो, त्या माशातलं हे विष. त्यामुळे पेशींचं बोलणं बंद पडतं, पण पेशी मरत नाहीत. बशीत सलग दोन दिवस मौन! त्यानंतर त्यांनी पेशींची परीक्षा घेतली. निरोप्या रसायन पुड्यांमध्ये भरलेलं असतं आणि अधूनमधून एखादी पुडी आपोआप फुटते. तेवढ्याशा एका पुडीला पेशी किती जोरात 'ओ' देते, ते मोजलं. काय दिसलं? मौनात राहिलेल्या पेशी त्याच एका पुडीला पूर्वीपेक्षा जास्त जोरात 'ओ' देत होत्या. त्यांनी कान टवकारले होते!

दुसऱ्या प्रयोगात उलटं केलं. गाबाचे कान बंद करणारं औषध घातलं. 'गप्प बस' म्हणणारंच कुणी उरलं नाही, मग काय! बशीत नुसता गोंगाट. पण दोन दिवसांनी पाहिलं, तर औषध तसंच असूनही पेशींचं बोलणं जवळजवळ पहिल्याइतकं झालं होतं. एका पुडीला मिळणारी 'ओ' आता हळू झाली होती. पेशींनी कानांवर हात ठेवले होते!

त्याच वर्षी, हॅरिसन यांनी जिथे लटकत्या थेंबाचा प्रयोग केला त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, रिचर्ड ह्यूगनर यांच्या प्रयोगशाळेनं मज्जारज्जूच्या पेशींवर असंच काम केलं. मौन पडलं की जोडांवर ग्लुटामेटचे रिसेप्टर वाढतात आणि गोंगाट झाला की कमी होतात, असं त्यांनाही दिसलं. म्हणजे 'कान टवकारणं' ही नुसती उपमा नाही. पेशी खरोखरच रिसेप्टर मांडते आणि उचलून ठेवते, पंगत वाढली की पाट वाढवावेत आणि उठली की आवरून ठेवावेत तसे.

बेरीज नव्हे, गुणाकार

आता या प्रयोगातली सगळ्यात सुंदर गोष्ट. त्यासाठी थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे.

समजा, एका पेशीला दोन मैत्रिणी आहेत. पहिलीचा आवाज तिला १० इतका ऐकू येतो आणि दुसरीचा २०. म्हणजे दुसरी दुप्पट महत्त्वाची. हा फरक उगाच नाही, तो शिकण्यातून आलेला आहे. आता मौन पडलं आणि पेशीनं कान टवकारले. तिनं दोन्हीकडे १० मिळवले तर होतील २० आणि ३०. म्हणजे दुसरी आता दीडपटच राहिली. शिकलेलं बिघडलं! पण दोन्हींना २ नं गुणलं तर? २० आणि ४०. दोन्ही आवाज वाढले, तरी दुसरी अजून दुप्पटच.

पेशी नेमकं हेच करते. १९९८ च्या त्या प्रयोगात सगळे जोड साधारण एकाच पटीत बदललेले दिसले. पेशी बेरीज करत नाही, गुणाकार करते! म्हणून तोल सावरतानाही जे शिकलेलं आहे त्याचं प्रमाण जागच्या जागी राहतं.

हे फक्त बशीतच घडतं का? तशी शंका यायलाच हवी, कारण बशी म्हणजे मेंदू नव्हे. म्हणून टुरिजियानो यांच्या गटानं जिवंत उंदरांतही पाहिलं. ज्या पिल्लांच्या डोळ्यांकडून येणारे निरोप थांबले होते, त्यांच्या मेंदूच्या पाहण्याच्या भागातल्या पेशींनी असेच कान टवकारले होते. हे काम २००२ साली प्रसिद्ध झालं.

चहा, गोळी आणि आपण

"पण बाई, याचा आम्हाला काय उपयोग?" सांगते. घरात एखाद्या दिवशी दूध नासतं आणि चहा चुकतो. दुपारपर्यंत आजोबांचं डोकं ठणकायला लागतं. का? आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते सांगतं, "दमलास, आता विसावा घे." चहातलं कॅफिन त्याच्या कानांत बोळ्यासारखं जाऊन बसतं. रोज रोज बोळे घातले की मेंदू त्याला सरावतो. मग एक दिवस बोळे नाहीत, की तोच निरोप एकदम मोठ्यानं ऐकू येतो. डोकं दुखतं, पेंग येते. दोन-चार दिवस चहा मिळाला नाही, की मेंदू पुन्हा आपले कान लावून घेतो.

चहाचं ठीक आहे, पण औषधाचं तसं नाही. पालकांनी हा भाग जरूर वाचावा. फिट येणाऱ्या मुलांना रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांतल्या काही गोळ्या गाबाचं 'गप्प बस' जास्त जोरात ऐकवतात. मेंदू त्या गोळीला धरून आपला तोल बसवतो. वर्षभर फिट आली नाही, की घरात कुणीतरी म्हणतं, "बरा झाला की आता, कशाला उगाच गोळ्या?" आणि गोळी एकदम बंद होते. मूळ आजार तर आत असतोच, त्यात गोळीला सरावलेला मेंदू एका दिवसात आपले कान बदलू शकत नाही. मग पूर्वीपेक्षाही मोठी फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टर गोळी थांबवतातही थोडी थोडी कमी करत. आपल्या मनानं गोळी कधीही बंद करायची नाही.

आणि मुलांनो, वर्गात एखाद्या मित्राला फिट आली तर? कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाला लावायची नाही. तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही. त्याला दाबून धरायचं नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली दप्तरासारखं काही मऊ द्यायचं, हळूच एका कुशीवर वळवायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली तर लगेच दवाखाना. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला चिडवायचं तर मुळीच नाही. त्याच्या पेशींचा तोल घटकाभर गेला होता, इतकंच. त्यात त्याचा काय दोष?

बशीच्या पलीकडे

उंदराच्या पेशींवरून माणसाच्या आजाराचं सगळं कळत नाही. मग माणसाच्या पेशी आणायच्या कुठून? जपानच्या शिन्या यामानाका यांनी यावर विलक्षण वाट काढली. २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशी त्यांनी पुन्हा 'बाळपेशी' करून दाखवल्या. अशा पेशीपासून कुठलीही पेशी घडवता येते, अगदी चेतापेशीसुद्धा. त्यांना २०१२ साली नोबेल मिळालं. पुढे २०१३ साली व्हिएन्नामध्ये मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांच्या गटानं अशा पेशींपासून वाटाण्याएवढे, काही मिलिमीटरचे, मेंदूच्या ऊतीचे गोळे वाढवले. आपल्याकडे बेंगळुरूतही मानसिक आजार असलेल्या कुटुंबांतल्या माणसांच्या पेशींपासून चेतापेशी तयार करून त्यांचा अभ्यास चालतो. ते गोळे म्हणजे खरा मेंदू नव्हे, हे मात्र विसरू नका. त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, हृदयाकडून येणारं रक्त नाही. पण एखाद्या आजारात पेशीचे कान कुठे चुकतात आणि कोणतं औषध ते सावरतं, हे माणसाच्याच पेशींवर पाहता येतं. फिटनं बेजार झालेल्या कितीतरी मुलांना आजच्या गोळ्यांनी गुण येत नाही. त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

डोकं चालवा

एका पेशीला तीन मैत्रिणींचे आवाज ८, १२ आणि २० असे ऐकू येतात. दोन दिवस मौन पडलं. २० चा आवाज आता ३० इतका ऐकू येऊ लागला. मग उरलेल्या दोघींचे आवाज किती झाले असतील? आधी आपापल्या वहीत सोडवा, मगच खालचं उत्तर पाहा.

उत्तर : १२ आणि १८. (पेशीनं सगळ्यांनाच दीडपट केलं. ज्यांचं उत्तर १८ आणि २२ आलं, त्यांनी गुणाकाराऐवजी बेरीज केली!)